बाहेरचा रायटर

तापी नदी एकदा दोन तास उलटी वाहिली आणि ती मी पुलावर उभं राहून पाहिली, ही गोष्ट खोटी आहे. एका मगरीला मी त्याच पुलापासून नंदुरबारपर्यंत अर्धं तिकीट फाडून दिलं, हीही खोटी. कबूल करायला मला काही वाटत नाही. बत्तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. पुढचं गाव किती लांब आहे हे विचारणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटेत काहीतरी सांगून गुंतवून ठेवावं लागतं, त्यातून माणूस घडत जातो.

पण रायसिंगच्या लग्नाची गोष्ट खरी आहे. माझ्याजवळ असलेली ती एकमेव खरी गोष्ट, आणि नेमकी तीच कोणी मानायला तयार नव्हतं.

गोष्ट साधी आहे. रायसिंग माझा ड्रायव्हर, विसरवाडीचा. दोन बहिणी, एक भाऊ आणि चार चुलतभाऊ यांच्या लग्नांत त्यानं वर्षाच्या सगळ्या रजा संपवल्या आणि मग त्याच्या लक्षात आलं की स्वतःचं लग्न राहिलं आहे. मुलगी खांडबाऱ्याची. आमची सकाळची नवापूर–नंदुरबार फेरी, खांडबाऱ्याला चहाचा वीस मिनिटांचा थांबा. मी म्हटलं, "वीस मिनिटं खूप झाली." विसरवाडीला वऱ्हाड गाडीत चढलं, रायसिंगनं खाकी गणवेशावर हळदीचं उपरणं घेतलं, कपाळाला बाशिंग बांधलं आणि स्वतःच्या लग्नाची एसटी स्वतः चालवत खांडबाऱ्याला आणली. ड्रायव्हरला तिकीट लागत नाही. पण नवरदेवाला लागतं, म्हणून मी त्याचं एक फाडलं. स्टँडसमोरच मांडव होता. एकोणीस मिनिटांत लग्न लागलं. घाईत एकच गोष्ट बिघडली: नवरदेवाच्या थोरल्या काकांना द्यायचा मान कुठं गेला ते कोणाला कळलं नाही आणि काका रुसले. विसाव्या मिनिटाला मी घंटी दिली. नवरी रंजनाबाई माझ्या सीटवर बसून नंदुरबारला आली आणि परतीच्या फेरीनं सासरी गेली. गाडी वेळेवर होती. ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त संशय या शेवटच्या वाक्याचा येतो.

निवृत्त झाल्यावर मी सासुरवाडीच्या गावी, नंदुरबार–तळोदा रस्त्यावर तापीकाठी घर बांधलं. त्यामुळे मी साऱ्या गावाचा जावई. जावयाला मान असतो असं मी ऐकून होतो. माझ्या शेजारी प्रेमचंदभाई राहतात. गुजर, केळी-उसाची मोठी शेती, पांढरे स्वच्छ कपडे, दोन वेळा सरपंच. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी आम्ही म्हातारे बसतो. मी गोष्टी सांगतो आणि ते त्यांतल्या चुका काढतात.

प्रेमचंदभाईंची स्वतःची मात्र एकच गोष्ट, आणि तिच्यात चूक काढायची कोणाची टाप नाही. ते पहिल्यांदा सरपंचकीला उभं राहावं की न राहावं अशा विचारात होते. एकदा प्रवासात त्यांचा डोळा लागला. जाग येऊन पाहतात तर मांडीवर नारळ, टॉवेल आणि टोपी. ओळखीचं कोणी जवळ नाही. कुलदेवीनं कौल दिला होता. ते उभे राहिले आणि निवडून आले. तो नारळ लाल कपड्यात गुंडाळून त्यांच्या देवघरात ठेवलेला आहे, आणि त्यांची बायको तापीबाई दर मंगळवारी त्याला हळदकुंकू वाहते. माझी मगर खोटी आणि यांचा नारळ खरा, हे मी सात वर्षं गिळत आलो होतो.

यंदा चैत्रात मी रायसिंगचं लग्न पुन्हा सांगितलं, तेव्हा प्रेमचंदभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"जवाईबुवा, मगरनी गोष्ट आम्ही मानी लिधी. पन नवरदेव एसटी चालाडीसन स्वतानाच लगीनले गया, हाई नही."

"रायसिंगला विचारा. तो अजून गाडीवर आहे."

"कंडक्टर घंटी वाजाडस, डायवर गाडी सोडस. त्यानी साक्ष कशी चालई?"

ओटा हसला. मग मी तोंडातून वाक्य सोडलं, "माझ्याजवळ सिनेमा आहे त्याचा." आणि होताच. रायसिंगनं लग्नाच्या शूटिंगची एक डीव्हीडी मला आठवण म्हणून दिली होती.

ओट्यावर तिथल्या तिथं ठराव झाला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळपर्यंत मी ते लग्न सगळ्यांना दाखवायचं. नाही दाखवलं, तर वर्षभर ओट्यावर यायचं, बसायचं, पण तोंड उघडायचं ते चहापुरतं. दाखवलं, तर प्रेमचंदभाईंनी वर्षभर रोज संध्याकाळी माझ्या गोष्टीआधी उभं राहून सांगायचं, 'लोटन पाटील सांगस ते खरं शे.' वर्षभर गप्प. माझ्या वयाच्या माणसाला डॉक्टरही इतकं कडक पथ्य सांगत नाही.

घरी येऊन मी बिस्किटांच्या डब्यातून डीव्हीडी काढली. सुंदरबाई, म्हणजे माझी बायको, सुईत दोरा ओवत होती. "कशामां लावशात?" तिनं विचारलं. तो विचार मी केला नव्हता. जुना डीव्हीडी प्लेअर तिनं कधीच भांडेवालीला देऊन त्याची स्टीलची बादली आणली होती. आमचा मुलगा नवनीत सुरतेला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला, तो होता. पण डीव्हीडी घालायच्या जागी त्याला आयताकृती भोक होतं, आणि त्या भोकात सुंदरबाईनं उदबत्तीचा पुडा ठेवला होता.

मी नवनीतला फोन लावला.

"आप्पा, त्याचा ड्राइव्ह मी काढून नेला होता," तो म्हणाला. "नवा डीव्हीडी रायटर घ्या."

"मला लिहायचं नाही रे. पाहायचं आहे."

"रायटर वाचतोसुद्धा. फक्त आतला घ्यायचा का बाहेरचा, तेवढं बघा. मी मीटिंगमध्ये आहे."

हा प्रश्न मी ओट्यावर मांडला. जन्मात कोणी रायटर घेतला नव्हता, म्हणून प्रत्येकाचं मत ठाम होतं. एकानं सांगितलं, आतला घे, बाहेरच्यावर धूळ बसते. दुसरा म्हणाला, बाहेरचा घे, आतला मेला तर उपसून कोण काढणार. प्रेमचंदभाईंनी डोळे मिटून सल्ला दिला की कुठलाही घ्या, पण आखाजीनंतर आणा.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला उतरून मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चांगला रायटर जिथं मिळतो तिथं ने." त्यानं मला थेट तहसील कचेरीबाहेरच्या लिंबाखाली सोडलं. तिथं चार जण टेबल मांडून बसले होते. त्यांतला सगळ्यात म्हातारा मला म्हणाला, "बसा. काय लिहायचं?"

मी म्हटलं, "मी रायटर शोधतो आहे."

"चाळीस वर्षं झाली याच झाडाखाली."

माणूस इतक्या अभिमानानं बोलला की त्याला नाही म्हणवेना. शिवाय मला वाटलं, पुढचा रस्ता हाच दाखवेल. मी त्याला रायसिंगच्या लग्नाची हकीकत सांगितली. तो मान हलवत टंकत गेला. शेवटी माझ्या हातात स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र आलं: 'मी लोटन पाटील, वय वर्षे पासष्ट, धंदा निवृत्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर नवरदेव हा सदर बस स्वतः चालवीत सदर लग्नास वेळेवर हजर झाला.' सहीसाठी आत गेलो तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी शिक्का बसला. मी तो कागद ओट्यावर फडकावला.

प्रेमचंदभाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "शिक्का झकास शे," ते म्हणाले. "उद्या मगरना बी लई या."

तीन दिवस गेले आणि कागद आला, रायटर नाही. मग मी नंदुरबार गाठलं. तिथं ललित नावाच्या तरण्या माणसाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुकानात दोन बाया प्रिंटरची शाई भरून घेत होत्या. मी म्हटलं, "डीव्हीडी रायटर दाखव. आतला."

"आयडीई का साटा?" ललितनं मान वर न करता विचारलं.

मी खिशातून आधार कार्ड काढलं. "आयडी आणला आहे."

"तो नाही काका. तुमच्यात साटा आहे का?"

आता इथं मला थोडं थांबून सांगावं लागेल. साटं-लोटं म्हणजे आपली मुलगी त्यांच्या घरी द्यायची आणि त्यांची आपल्या घरी आणायची. आणि माझं लग्न साट्याचंच. माझी बहीण सुंदरबाईच्या भावाला दिली आहे, ती दोघं नोकरीमुळे परगावी असतात. याचा परिणाम असा की चाळीस वर्षांत मी बायकोवर एकदाही मोकळेपणानं ओरडू शकलो नाही. इथं मी आवाज चढवला की तिकडं संध्याकाळपर्यंत माझ्या बहिणीचा फोन येतो. हा आमच्या घरातला मामला. तो एका अनोळखी पोरानं भर दुकानात दोन बायांसमोर काढावा, हे मला लागलं.

"होता," मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो. "चाळीस वर्षांपूर्वी. आता कोणी करत नाही."

"उलटं सांगता काका. जुन्यात आयडीई असायचं. आता सगळीकडे साटाच चालतो."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. सुरत-पुण्याहून जेवढा माल येतो तेवढा साट्याचाच."

मुलींना माल म्हणणाऱ्या माणसाशी काय बोलायचं. "आणि हे सरकारला माहीत आहे?" मी विचारलं.

"सरकारी ऑफिसांत तर मीच लावून दिलेत," ललित म्हणाला आणि त्यानं वही ओढली. "बरं, साटा लिहितो. नाव?"

"लोटन."

पुन्हा मान वर न करता त्यानं मोठ्यानं वाचलं, "साटा... लोटन." दोन्ही बाया शाई सोडून हसायला लागल्या. एकीनं तर भिंतीचा आधार घेतला. मी ताठ उभा राहून म्हणालो, "मला साटा नको. दुसरा दे. आयडीवाला." ललित म्हणाला, तो कोणी घेत नाही. मी म्हटलं, मी घेतो. त्यानं शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून एक खोकं काढलं, फुंकर मारली, आणि मी बाणेदारपणे ते घेऊन घरी आलो.

आमच्या गल्लीत हेमकांत मास्तर राहतात, शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, माझा रायटर हातात घेतला, पेटीत पाहिलं, पुन्हा रायटरकडे पाहिलं.

"आप्पा, हा बसणार नाही. तुमच्यात साटा आहे."

आतून स्वयंपाकघरातून सुंदरबाईचा आवाज आला, "ते तं सऱ्या गावले म्हाईत शे."

मास्तरांनी मग मला कागदावर चित्र काढून समजावलं की साटा म्हणजे एका प्रकारची वायर. बत्तीस वर्षं चुकीच्या गाडीत बसणाऱ्यांना मी इतकं बोललो होतो, आणि स्वतः भलत्याच फलाटावर उभा राहून भांडून आलो होतो. हे ओट्यावर कळणार नाही अशी मला आशा होती. पण सुंदरबाईनं ते तापीबाईला विहिरीवर सांगितलं आणि त्या संध्याकाळी प्रेमचंदभाईंनी मला 'या, साटेवाले' म्हणून जागा करून दिली.

मास्तरांनी आणखी एक सांगितलं. पेटीच्या आतल्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्यामुळे साटा आणून उपयोग नव्हता. बाहेरचाच रायटर हवा, जो नुसता वायरीनं जोडता येतो. मी ललितला फोन केला. माणूस मनाचा मोठा निघाला. जुना परत घेतो म्हणाला, बाहेरचा उद्याच काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरजवळ देऊन पाठवतो, तुम्ही फाट्यावर उभे राहा.

मी फाट्यावर उभा राहिलो. काळी-पिवळी आली. आत सतरा माणसं आणि बाहेर सहा. ड्रायव्हर मला पाहून ओळखीचं हसला, हात केला आणि गेला. मीही हात केला. ती दिसेनाशी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हसण्याशिवाय त्यानं मला काही दिलेलं नाही. फोन लागेना. संध्याकाळी लागला तेव्हा ती गाडी मोलगीला पोचली होती आणि डबा तिथल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या जान्याकडे ठेवला होता. आखाजीला दोन दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. ज्या रस्त्यानं मी लोकांची तिकिटं फाडत गेलो होतो त्याच रस्त्यानं जीपमध्ये एका पायावर उभा राहून गेलो. मोलगीला बाजार भरला होता. आमचूर, भगर, मोहाची फुलं. त्या गर्दीत जान्याची टपरी, आणि टपरीत माझा रायटर उघडा पडलेला, त्याला वायर लावलेली, वर हिरवा दिवा लुकलुकत होता. वाटलं, खेळत बसलेत माझ्या वर्षभराच्या वाणीशी.

"हे माझं आहे," मी जरा जोरातच म्हणालो.

"माहीत आहे काका," जान्या म्हणाला. "उघडून बघितलं. घरी न्याल आणि चालणार नाही, मग पुन्हा घाट चढाल. तुमचा कॉम्प्युटर जुना का?"

"दहा-बारा वर्षांचा."

"मग याला एक वायर नाही पुरणार, करंट कमी पडतो. ही दोन तोंडांची घ्या. दोन्ही तोंडं मागच्या बाजूला लावायची. पुढं लावली तर गुरगुरेल, पण डिस्क फिरणार नाही." त्यानं वायर काढून दिली, डबा बांधला, आणि माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही मगरीला तिकीट दिलं होतं ना? मी लहानपणी तुमच्या गाडीत ऐकलं होतं."

"अर्धं," मी म्हटलं.

"तेव्हा तुम्ही पूर्ण सांगितलं होतं."

डोंगर उतरताना मी डबा मांडीवर घट्ट धरून बसलो होतो. आत एक सुख भरून आलं होतं. पन्नास मैलांवर कोणीतरी माझ्या मगरीचा हिशोब ठेवून होतं. अशा माणसानं वर्षभर गप्प बसायचं?

आखाजी उजाडली. लिंबाला झोके टांगलेले, पोरीबाळी माहेरी आलेल्या, घरोघर आमरस. दुपारी मी बिस्किटांचा डबा उघडला. आत सुया, दोरे, दोन बटणं. डीव्हीडी नाही.

"सुंदरबाई, इथली चकती कुठं आहे?"

"कोनती? त्या मिरचीवर बांध्यात ना मी. चिमन्या भलत्या यी ऱ्हायन्यात."

मी धापा टाकत गच्चीवर गेलो. लाल मिरची वाळत पसरली होती आणि वर दोरीला पाच चकत्या टांगलेल्या, उन्हात गिरक्या घेत होत्या. पाचही सारख्या. नाव एकीवरही लिहिलेलं नव्हतं. मी पाचही काढल्या. चिमण्यांनी लगेच मिरचीवर चढाई केली, पण त्या दिवशी मिरची माझी नव्हती.

संध्याकाळी प्रेमचंदभाईंच्या ओट्यावर कॉम्प्युटर मांडला. गल्ली लोटली होती. लोटनसाठी नव्हे, तमाशासाठी. बायका समोरच्या पायऱ्यांवर, पुढं तापीबाई आणि सुंदरबाई. हेमकांत मास्तरांनी वायरीची दोन्ही तोंडं पाठीमागे लावली. हिरवा दिवा लागला. मी मनातल्या मनात जान्याला सलाम केला आणि पहिली चकती घातली.

पहिलीत नवनीतचा इंग्रजी टायपिंगचा कोर्स निघाला. प्रेमचंदभाई खुर्चीत मागे रेलले. दुसरीत 'पपईवरील रोग व त्यांचे व्यवस्थापन' निघालं. मी ती काढायला हात घातला तर ओट्यावरून चार आवाज उठले, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." प्रेमचंदभाई म्हणाले, "हाई कामनं शे." माझी अब्रू टांगणीला लागलेली आणि गाव चौदा मिनिटं पपईचा भुरी रोग पाहत बसलं. तिसरी चकती रायटरनं गुरगुरून बाहेर फेकली. चौथीही फेकली.

पाचवी मी घालणार तोच सुंदरबाई उठली. फेकलेली चौथी उचलून घेतली, पदरानं मधून कडेला अशी हळूच पुसली, फुंकर मारली. मिरचीचा लाल कोंडा उडाला. "हाई दखा पहिले," ती म्हणाली. "हाईच शे." तिला कसं कळलं, विचारायला मला आजही धीर होत नाही.

मी ती घातली. रायटर फिरला. पडद्यावर ढोल वाजायला लागला.

लाल एसटी. विसरवाडीचा स्टँड. आणि स्टिअरिंगवर बाशिंग बांधलेला, खाकीवर हळदीचं उपरणं घेतलेला रायसिंग, घाबरलेला. दारात मी. काळ्या मिशांचा मी. पंच वाजवत नवरदेवाला तिकीट देणारा मी. खांडबारा आलं, नवरदेवानं हँडब्रेक ओढला, खाली उतरला, मांडवात शिरला.

"बाशिंगमागे कोन शे, कोनले दखास?" प्रेमचंदभाई म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता. "आनि कोनता बी मानूस स्टिअरिंगवर बसाडी फोटू काढता येस."

मी तोंड उघडणार होतो. पण कॅमेरा मांडवातून बाहेर आला. नवरीचे मामा, धिप्पाड माणूस, भरदार मिशा, हातात ताट. मागून कोणीतरी ओरडलं, "मोठे काका गाडीत बसले आहेत, त्यांना मान द्या." मामा ताट घेऊन एसटीत चढले. कॅमेरा त्यांच्यामागे चढला. पहिल्याच सीटवर पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतला एक माणूस खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. मामांनी त्याला कुंकू लावलं. तो जागा झाला नाही. मामांनी त्याच्या मांडीवर टॉवेल ठेवला, टॉवेलावर टोपी, टोपीवर नारळ. नमस्कार केला आणि उतरले. कॅमेरा त्या माणसाच्या तोंडाजवळ गेला. घोरणं स्वच्छ ऐकू येत होतं.

त्या वेळी मी प्रेमचंदभाईंना ओळखत नव्हतो. पहिल्या सीटवरचा एक नवापूर–नंदुरबार, एवढंच.

पहिला आवाज तापीबाईंचा आला.

"हाऊ तं मन्हा नारळ शे."

मास्तरांनी चित्र मागे नेलं तशा त्या जवळ गेल्या, नमस्कार करणाऱ्या मामांवर बोट ठेवलं, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ही तुमनी कुलदेवी का? दखा, मिशा बी शेतस."

गल्ली हसून फुटली. झोक्यावरच्या पोरी खाली उतरून विचारायला आल्या काय झालं म्हणून. मास्तरांनी मिशांवर चित्र थांबवलं आणि मग त्यांनाही धरून बसवावं लागलं. प्रेमचंदभाई एकटे गंभीर. त्यांनी त्या झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या जिभेवर तेव्हा निदान सहा वाक्यं तयार होती. मी एकही बोललो नाही. आयुष्यात मी पाळलेलं ते सगळ्यात लांब मौन, आणि ते मी स्वखुशीनं पाळलं. तेवढ्यात त्यांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, आणि ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

सुंदरबाई माझ्या शेजारून गेली. न थांबता, खालच्या आवाजात म्हणाली, "खरं निंघनं." चाळीस वर्षांतलं पहिलं. त्या रात्री माझ्या बहिणीचा फोन आला, तिकडंही तिच्या नवऱ्यानं तिला दोन शब्द चांगले बोलून दाखवले होते. साट्याचा हा फायदा मला माहीत नव्हता.

पुढच्या आठवड्यात प्रेमचंदभाई नवा टॉवेल, नवी टोपी आणि नारळ घेऊन विसरवाडीला गेले. मी बरोबर होतो, गाडीवर रायसिंग होता. थोरले काका आता ऐंशीच्या पुढचे, ओसरीत खाटेवर बसलेले. प्रेमचंदभाईंनी वाकून त्यांना कुंकू लावलं आणि मान मांडीवर ठेवला. काकांनी नारळ कानाजवळ नेऊन हलवून पाहिला.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "इतका उशीर?"

मी सवयीनं पुढं झालो. "गाडी लेट होती, काका."

जुना नारळ अजून देवघरातच आहे. तापीबाई म्हणाल्या, इतली वर्सं पूजी, आते ती देवीच शे.

आणि ओट्यावर रोज संध्याकाळी, चहा झाला की प्रेमचंदभाई उठतात, टोपी नीट करतात आणि दोन वेळा सरपंच राहिलेल्या आवाजात सांगतात, "लोटन पाटील सांगस ते खरं शे." पहिल्या दिवशी ते पुटपुटले. आता मोठ्यानं सांगतात, रस्त्यावरची माणसंही थांबतात. मगरीचं तिकीट आता पूर्ण झालं आहे. तापी दोन तासांऐवजी अडीच तास उलटी वाहते. एका खऱ्या गोष्टीवर माझं वर्ष निघतं आहे, आणि पुढच्या आखाजीला अजून नऊ महिने आहेत.

ही रायटरची गोष्ट मी काल सांगितली. त्याआधीही ते उभे राहिले होते.